कंपनीचा ई-मेल सुरक्षित करताना: आधी काय, नंतर काय

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली फाउंड्री असो, गोकुळ शिरगावातलं मशीन शॉप असो, हुपरीचा चांदीचा कारखाना असो की शाहूपुरीतली गुळाची पेढी. ई-मेलच्या सुरक्षेचं काम बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होतं. आधी अँटिव्हायरस विकत घेतला जातो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यांचे पासवर्ड बदलले जातात. मेलबॉक्स भरला की जुना मेल अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर उतरवून सर्व्हरवरून पुसला जातो. एवढं झाल्यावर कळतं, की डोमेन (मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर आहे आणि ॲडमिनचा, म्हणजे सगळी खाती ज्याच्या हातात असतात त्या मुख्य खात्याचा, ओटीपी अजून त्याच्याच मोबाइलवर जातो.

या प्रत्येक कामाचा हेतू चांगला असतो, पण क्रम चुकला की मेहनत वाया जाते आणि कधी कधी जुना मेल कायमचा हातचा जातो. पुढचे टप्पे साधारण पाच ते पन्नास मेल खाती असलेल्या कंपनीसाठी आहेत. मेल गूगल वर्कस्पेसवर असो, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असो की वेबसाइटच्या होस्टिंगवर, क्रम तोच राहतो.

## सुरू करण्याआधीची तयारी

एक जाड वही घ्या. कॉम्प्युटरमधली फाइल नको, कारण ज्या दिवशी कॉम्प्युटरच उघडणार नाही त्याच दिवशी ती लागते. वही मालकाच्या कपाटात, कुलपात राहील.

ॲडमिन म्हणून दोन माणसं ठरवा. एक मालक किंवा भागीदार, दुसरा कंपनीतला जुना, भरवशाचा माणूस. बाहेरचा आयटीवाला मदतीला जरूर बसू दे, पण या दोघांत त्याची गणना नको.

दिवस निवडताना जीएसटीच्या तारखा पाहा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ११ आणि २० तारीख, ई-वे बिलांची धावपळ, महिनाअखेरचा डिस्पॅच, या दिवसांत मेलला हात लावू नका. पोर्टलचे ओटीपी याच मेलवर येतात, आणि घाईत ओटीपी अडकला की "राहू दे, जुनंच चालू करा" असं होऊन काम तिथेच बारगळतं.

## टप्पा १: मालकी आपल्या हातात घ्या

डोमेन म्हणजे मेलचा सातबारा. त्यावर नाव कुणाचं आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन जागा तपासायच्या.

पहिली, डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीचं लॉग-इन. ते कोणत्या मेलवर, कोणत्या मोबाइलवर नोंदलेलं आहे? मुदत कधी संपते? इथे नेहमीची एक चूक होते: डोमेनचं खातं त्याच डोमेनवरच्या मेलवर नोंदवतात. डोमेनची मुदत संपली की मेल बंद पडतो, आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्या बंद मेलवर जातो. म्हणून डोमेनचं खातं वेगळ्या, स्वतंत्र मेलवर ठेवा आणि त्या मेललाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा.

दुसरी जागा, मेलसेवेचं ॲडमिन खातं. ॲडमिन दोन हवेत. एकच असेल आणि त्याचा फोन हरवला, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे मालकी सिद्ध करत बसावं लागतं. दोनांपेक्षा जास्तही नकोत. ॲडमिन खातं रोजच्या मेलसाठी वापरू नका. रोज येणारी कोटेशनं आणि जोडपत्रं ज्या खात्यात उघडली जातात, त्याच खात्यात सगळ्या कंपनीच्या चाव्या नसाव्यात.

तिसरी, रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायला नोंदवलेला मोबाइल. सोडून गेलेल्या माणसाचा, वेबसाइटवाल्याचा, जुन्या मॅनेजरचा नंबर दिसला की आजच काढा.

कंपनीचा सगळा व्यवहार फुकटच्या जीमेल खात्यावर चालत असेल तर त्या खात्यांवर कंपनीचा ॲडमिन असा नसतोच. माणूस गेला आणि पासवर्ड घेऊन गेला, तर तुमच्याकडे धरायला काही उरत नाही. अशा वेळी पुढचे टप्पे करण्याआधी स्वतःच्या डोमेनवर या. मला वाटतं, या लेखातलं सर्वांत जास्त उपयोगाचं काम हेच.

तपासा: दोन्ही ॲडमिननी वेगवेगळ्या फोनवरून लॉग-इन करून दाखवलं का? डोमेनची मुदत वहीत लिहिली का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच पुढे.

## टप्पा २: खात्यांची आणि उपकरणांची नोंद

वहीत प्रत्येक मेल खात्यासाठी एक पान. खातं कोण वापरतं, कोणकोणत्या उपकरणावर उघडलेलं आहे, मोबाइल कंपनीचा की स्वतःचा, रिकव्हरी नंबर कोणता. माणसाला समोर बसवून विचारा आणि खात्याच्या सेटिंगमधली उपकरणांची यादी त्याच्याबरोबर बघा. तिथे विकलेला जुना फोन, मुलाचा टॅब, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर असं बरंच काही निघतं. ड्रॉइंगची प्रिंट काढायला बाहेर मेल उघडायचा आणि तसाच सोडून यायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग ज्या दिवशी फुटते, त्या दिवशी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) आपल्याकडे असूनही काम दुसऱ्याकडे जातं.

पर्चेस, सेल्स, डिस्पॅच अशा सामायिक खात्यांना एकच पासवर्ड आणि वापरणारे पाच जण असतील तर ते इथेच थांबवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतो. गूगलमध्ये ग्रुप करता येतो किंवा खात्याचा वापर दुसऱ्याला सोपवता येतो. प्रत्येक जण आपापल्या पासवर्डने आत येतो आणि सामायिक पेटी पाहतो. एक माणूस गेला तर पाच जणांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

## टप्पा ३: आधी फॉरवर्डिंग, मग पासवर्ड

हा क्रम नीट लक्षात घ्या. खात्यात शिरलेला चोर पासवर्ड बदलत बसत नाही, कारण मग तुम्हाला कळेल. तो मुकाट्याने एक नियम लावून जातो: "पेमेंट" किंवा "इन्व्हॉइस" शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव, किंवा कुणी बघत नाही अशा फोल्डरमध्ये टाक. आउटलुकमध्ये यासाठी आरएसएस फीड्सचं फोल्डर वापरलं जातं. तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. मग एके दिवशी परगावच्या पार्टीला तुमच्या नावाने मेल जातो की आमचं बँक खातं बदललंय, आणि कास्टिंगचं पेमेंट भलत्याच खात्यात जमा होतं. पार्टीने खात्री करायला पाठवलेला मेल तुमच्या इनबॉक्समध्ये कधी दिसतच नाही.

प्रत्येक खात्यात पुढचं काम याच क्रमाने करा.

१. फॉरवर्डिंग, फिल्टर आणि नियम उघडा. अनोळखी दिसेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या, मग काढा.
२. खात्याला जोडलेली बाहेरची ॲप्स पाहा. ओळखीची नसतील ती काढा.
३. पासवर्ड बदला. कंपनीचं नाव आणि साल जोडून केलेला पासवर्ड नको.
४. सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट करा.
५. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

कोणाचं आधी? दोन्ही ॲडमिन, मग अकाउंट्स आणि बँकेशी व्यवहार करणारे, मग मालक, मग उरलेले. मालक बहुधा म्हणतात, "माझं राहू दे, मला ते जमत नाही." पण पार्टीला फसवणारा मेल मालकाच्या नावाने गेला की त्याच्यावर सगळ्यांत लवकर विश्वास बसतो, म्हणून मालकांचं खातं सोडू नका.

ओटीपी एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने आत जाणं) बरी. ॲडमिनचे बॅकअप कोड (फोन हरवला तर आत यायला लागणारे) छापून वहीला लावा. गूगल एका वेळी असे दहा कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो.

सावधान: टू-स्टेप लावल्यावर स्कॅनर आणि बिलाचं सॉफ्टवेअर मेल पाठवणं बंद करू शकतात. तेवढ्यासाठी टू-स्टेप काढून टाकू नका. गूगलमध्ये त्या यंत्रापुरता वेगळा ॲप पासवर्ड करता येतो. मायक्रोसॉफ्टमध्ये त्या यंत्राला कोणती पद्धत चालते ते आधी पाहून ठेवा. पीओपी आणि आयमॅप (आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल आणायच्या दोन जुन्या पद्धती; पीओपी मेल कॉम्प्युटरवर उतरवते, आयमॅप तो सर्व्हरवरच ठेवते) ज्यांना लागत नाहीत त्यांच्या खात्यात बंद करा.

ॲडमिनमध्ये बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं सगळ्यांसाठी बंद करण्याची सोय आहे, ती वापरा. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकिम (मेल खरोखर तुमच्याकडूनच गेला हे समोरच्याला तपासता यावं यासाठी) आधी, डीमार्क (तपासणीत न टिकलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) शेवटी. डीमार्क सुरुवातीला फक्त निरीक्षणावर ठेवा, अहवाल पाहा, मग कडक करा. एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या तर तपासणीच फसते.

## टप्पा ४: लॅपटॉप आणि डेस्कटॉप

इथला सर्वांत मोठा घोळ पीओपीचा. जुन्या आउटलुकमध्ये खातं पीओपीवर असेल आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" या चौकटीत खूण नसेल, तर मेल त्या एका कॉम्प्युटरवर उतरतो आणि सर्व्हरवरून जातो. म्हणजे कंपनीचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार स्टोअरशेजारच्या खोलीतल्या एका हार्ड डिस्कवर असतो.

त्यातून बाहेर पडताना घाई करू नका.

१. आउटलुक पूर्ण बंद करा.
२. पीएसटी फाइलची (आउटलुक उतरवलेला मेल ज्यात साठवतं तिची) प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा.
३. तेच खातं आयमॅप किंवा सेवेच्या स्वतःच्या पद्धतीने नव्याने जोडा. जुनं पीओपी खातं तूर्त काढू नका, फक्त त्याचं आपोआप मेल उतरवणं थांबवा.
४. जुना मेल थोडा थोडा करून सर्व्हरवर चढवा, एका वेळी एका वर्षाचा.
५. ब्राउझरमधून उघडून प्रत्येक वर्षाचे दोन-चार जोडपत्रं असलेले मेल तपासा.
६. मगच पीओपी खातं काढा.

नवीन पद्धतीत आउटलुक ओएसटी फाइल करतं. तिला बॅकअप समजू नका. सर्व्हरवर मेल पुसला की तिच्यातूनही जातो.

आता डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे चावीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं. होम आवृत्तीत काही लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं. चालू करतानाच ४८ अंकी रिकव्हरी की (डिस्क उघडायची राखीव चावी) काढून वहीत ठेवा, त्याच लॅपटॉपवर नव्हे. ती हरवली आणि मदरबोर्ड बदलावा लागला, तर डेटा तुम्हालाही उघडता येत नाही. एन्क्रिप्शन नसेल तर बसमध्ये राहिलेला लॅपटॉप उघडून डिस्क बाहेर काढणाऱ्याला विंडोजच्या पासवर्डची गरजच पडत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे कॉम्प्युटर मेलसाठी वापरात असतील तर बदलायच्या यादीत सर्वांत वर टाका. रोजच्या वापराला ॲडमिनिस्ट्रेटर खातं नको. पायरेटेड ऑफिसही नको. सक्रिय करण्यासाठी चालवलेल्या क्रॅकमधून नेमकं काय आत आलं हे तुम्हाला कळत नाही.

डिस्पॅचच्या टेबलावर तीन शिफ्टचे लोक एकच कॉम्प्युटर वापरतात. तिथे प्रत्येकाला वेगळं विंडोज खातं द्या, ब्राउझरमध्ये पासवर्ड जतन करणं बंद करा आणि पाच मिनिटांनी स्क्रीन लॉक होऊ द्या. सुरुवातीला कुरकुर होईल. पंधरा दिवसांत सवय होते.

## टप्पा ५: मोबाइल

बहुतेक कर्मचारी स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल पाहतात, आणि प्रश्न इथेच नाजूक होतो. फोन त्यांचा, मेल कंपनीचा. म्हणून आधी एक पानाची लेखी समज द्या, मराठीत, आणि सही घ्या: फोनवर कंपनीचं काय असेल, हरवल्यावर किंवा नोकरी सोडल्यावर कंपनी काय पुसेल, आणि कशाला हात लावणार नाही. घरचे फोटो आणि खासगी मेसेज त्या यादीत स्पष्ट लिहा. त्याशिवाय माणसं फोन हरवल्याचं सांगायला घाबरतात, आणि त्या भीतीत गेलेली रात्र फार महाग पडते.

अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल केलं की कंपनीची ॲप्स वेगळी राहतात आणि तेवढीच पुसता येतात. ॲडमिनमध्ये खातं पुसणं आणि अख्खं उपकरण पुसणं असे दोन पर्याय दिसतात. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर दुसऱ्या पर्यायाला हात लावू नका.

स्क्रीन लॉक सक्तीचा करा. लॉक स्क्रीनवर मेलचा मजकूर दिसणं बंद करा, कारण ओटीपी तिथेच वाचता येतो. फोन दुरुस्तीला देताना पिन सांगायची वेळ आली तर आधी कंपनीचं खातं काढा, परत आल्यावर जोडा.

फोन हरवला तर: दोघे असाल तर एकाच वेळी दोन कामं. एकाने ॲडमिनमधून सगळीकडून लॉग-आउट करून खातं पुसण्याची आज्ञा द्यावी, दुसऱ्याने सिम बंद करावं. एकटे असाल तर आधी ॲडमिन, लगेच सिम. सिम आधी बंद झालं तर फोनचं नेट जातं आणि पुसण्याची आज्ञा पोचत नाही. त्यानंतर पोलिसांत तक्रार आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक.

## टप्पा ६: जुन्या मेलचा साठा

आर्काइव्ह आणि बॅकअप ही दोन वेगळी कामं आहेत. आर्काइव्ह म्हणजे जुना मेल शोधता येईल, पण कर्मचाऱ्याला पुसता येणार नाही अशी सोय. बॅकअप म्हणजे मूळच नष्ट झालं तर परत उभं करायला ठेवलेली वेगळी प्रत. दोन्ही लागतात.

किती वर्षं? जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर्स आठ वर्षं. म्हणून पर्चेस, सेल्स आणि अकाउंट्सचा मेल आठ वर्षं ठेवा. वाद किंवा चौकशी चालू असेल तर ती संपेपर्यंत काहीच पुसू नका. नोकरीच्या अर्जांसारखा व्यक्तिगत माहितीचा मेल मात्र गरजेपुरताच ठेवावा.

आर्काइव्ह लावताना आधी आपल्या प्लॅनमध्ये ते आहे का पाहा. गूगलची आर्काइव्हची सोय, व्हॉल्ट, बिझनेस प्लस आणि त्यावरच्या प्लॅनमध्ये मिळते, स्टार्टर आणि स्टँडर्डमध्ये नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये बिझनेस प्रीमियमला आर्काइव्ह आणि लीगल होल्ड (वाद चालू असताना मेल पुसला जाऊ न देण्याची सोय), दोन्ही येतात.

सावधान: व्हॉल्टमध्ये मुदतीचा नियम चुकला तर मुदत उलटलेला मेल कायमचा जातो. आठ वर्षांऐवजी आठ महिने असं काही लिहिलं गेलं तर परतीचा रस्ता नाही. नियम दोन माणसांनी वाचून मगच लागू करा, आणि तोही बॅकअप झाल्यावर.

बॅकअप कुठे? कोल्हापुरात याचं उत्तर पुरासकट द्यावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. शहरातल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला नदीपलीकडच्या कारखान्यात जाता येत नव्हतं, तिकडच्याला इकडे येता येत नव्हतं. म्हणून डिस्कची एक प्रत नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवा, दोन्ही वरच्या मजल्यावर. तळमजल्यावरची तिजोरी चोरापासून वाचवते, पाण्यापासून नाही. तिसरी प्रत क्लाउडवर, पण मेलसेवेच्या खात्यापासून वेगळ्या खात्यात. डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरबरोबरच लॉक करतं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. पीएसटीला दिलेला पासवर्ड म्हणजे संरक्षण नव्हे, तो काढणारी साधनं सहज मिळतात. पीएसटी फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवून रोज वापरू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्याला पाठिंबा देत नाही आणि फाइल बिघडते. एका फाइलची नेहमीची मर्यादा ५० जीबी असते. त्याच्या बऱ्याच आधी, वर्षाप्रमाणे फाइली पाडा.

प्रत्येक फाइल तयार झाली की तिची एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा कोड; फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून तारखेसह वहीत लिहा. विंडोजच्या पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही आज्ञा ते काम करते. थकलेल्या पेमेंटचा वाद कोर्टात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश विचारली जाते. त्या दिवशीची हॅश लिहून ठेवलेली असेल तर फाइल मधे बदललेली नाही हे दाखवता येतं. मेलची नुसती प्रिंट किंवा स्क्रीनशॉट तेवढं सांगू शकत नाही.

तपासा: दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक जुना मेल जोडपत्रासकट परत काढून दाखवायचा. ठरलेला नको, तिथल्या तिथे मालकांनी सांगावा: अमुक पार्टीची दोन वर्षांपूर्वीची पर्चेस ऑर्डर काढ. निघाली नाही तर तुमच्याकडे बॅकअप नाही, असं धरून चला. आर्काइव्हमध्ये कोणी काय शोधलं याचीही नोंद पाहा, कारण तिथून सगळ्यांचा मेल वाचता येतो.

## टप्पा ७: कर्मचारी सोडून जाताना

शेवटच्या दिवशी खातं डिलीट करणं ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागडी चूक. गूगलमध्ये डिलीट केलेला वापरकर्ता २० दिवसांत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत. त्यानंतर मेल गेला. गूगलमध्ये वापरकर्ता डिलीट झाला की त्याचा व्हॉल्टमधला साठाही जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

क्रम असा: पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग-आउट करा, रिकव्हरी नंबर काढा, फॉरवर्डिंग पाहा, फोनवरचं कंपनीचं खातं त्याच्यासमोर काढा. मग बँक, जीएसटी आणि ग्राहकांच्या पोर्टलवर त्याचा पत्ता नोंदलेला असेल तिथे बदला. येणारा मेल त्याच्या जागेवरच्या माणसाकडे वळवा. मायक्रोसॉफ्टमध्ये मेलबॉक्स शेअर्ड करा, गूगलमध्ये आर्काइव्ह लायसन्सवर टाका किंवा पूर्ण बॅकअप घ्या. बॅकअप उघडून पाहिल्यावरच डिलीटचा विचार.

वर्षानुवर्षं काम केलेला माणूस चांगल्या मनाने जात असेल, तरी हे सगळं करा आणि त्याच्या देखत करा. उद्या काही झालं तर त्याच्यावरही संशय येत नाही.

## टप्पा ८: घडलंच तर पहिल्या तासात

पैसे चुकीच्या खात्यात गेले असतील तर मेलच्या आधी बँक आणि १९३०. या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर नोंदवा. पार्टीला फोन करा, वहीतल्या जुन्या नंबरवर. मेलखाली छापलेल्या नंबरवर नको.

मग टप्पा ३ पुन्हा करा, पण नियम काढण्याआधी स्क्रीनशॉट आणि लॉग-इनची नोंद उतरवून घ्या. संशयित मेल फॉरवर्ड केला तर त्याचे मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) सोबत जात नाहीत, म्हणून तो मूळ रूपात डाउनलोड करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात.

लॅपटॉप नेटपासून तोडा आणि बाजूला ठेवा. आयटीवाला पहिल्यांदा "फॉरमॅट मारून देतो" म्हणेल. तपास करणाऱ्याने पाहिल्याशिवाय त्याला तसं करू देऊ नका.